शिकवणी नसलेली मुलगी

आख्ख्या वर्गात शिकवणी नसलेली मी एकटी होते. हे आज कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, भाग्यवान गं तू! डोंबलाची भाग्यवान. ज्यांनी हे शहर पाहिलेलं नाही त्यांनाच असं वाटू शकतं. कलकत्त्यात गणिताला एक मास्तर, इंग्रजीला दुसरे, विज्ञानाला तिसरे, आणि गाण्याच्या बाई वेगळ्या. नवीन मुलगी वर्गात आली की तिला नाव विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला, "तू कोणाकडे जातेस?" आपल्याकडे मूळ गाव विचारतात तसा. मी म्हणायची, कोणाकडेच नाही. मग समोरची मुलगी माझ्याकडे कणवेनं बघायची आणि शेजारणीशी बोलायला वळायची. तिचा तरी काय दोष? शाळेत आम्ही एकमेकींच्या पाठी बघत बसायचो. खऱ्या मैत्र्या व्हायच्या त्या संध्याकाळी, एका मास्तरांकडून दुसऱ्या मास्तरांकडे जाताना, वाटेत पुचके, म्हणजे आपली पाणीपुरी, खाताना, मास्तर आतून येईपर्यंत चटईवर बसून कुजबुजताना. कोण कोणाशी कट्टी, कोणाच्या ताईचं लग्न ठरलं, हे सगळं तिथे ठरायचं, तिथेच संपायचं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मला त्यातली नुसती शेपटं ऐकू यायची.

आम्ही नागपूरहून आलो होतो. बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी, बदली झाली, चंबूगबाळं उचललं आणि कलकत्त्याच्या कडेला सॉल्ट लेकमधल्या सरकारी क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन पडलो. आजचं सॉल्ट लेक बघून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तेव्हा तिथे आखलेले रस्ते होते आणि रस्त्यांच्या कडेला माणसंच नव्हती. प्लॉटच्या प्लॉट रिकामे, त्यांत कमरेएवढं गवत, आणि दिवस मावळला की त्या गवतातून कोल्हे ओरडायचे. आई पहिल्यांदा तो आवाज ऐकून स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊन बाहेर आली होती. "अहो, हे काय आणून ठेवलंत आम्हाला? राजधानीचं शहर होतं म्हणे एके काळी!" बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "शांतता आहे. कुंदाच्या अभ्यासाला उत्तम."

शांतता हा आमच्या घरातला मुख्य पदार्थ होता. सहाला बाबा ऑफिसातून यायचे, हातपाय धुवायचे, आई पोहे नाहीतर थालीपीठ द्यायची, आणि मग मी माझ्या टेबलाशी, बाबा त्यांच्या खुर्चीत, आई स्वयंपाकघरात, तिघं तीन ठिकाणी. वाचायचं ते मनातल्या मनात. ओठ हलले तरी बाबांना दिसायचं. "ओठ मिटून वाच. ओठांनी वाचलेलं ओठांवरच राहतं." लिहून काढायचं, पुस्तक मिटून पुन्हा लिहायचं, चुकलं तर स्वतःच शोधायचं. पद्धत वाईट नव्हती, हे मी स्वतः पुढे सगळा जन्म शिक्षिका म्हणून घालवल्यावर सांगते आहे. पण पंख्याची घरघर आणि आईच्या फोडणीचा चुर्र एवढ्याच दोन आवाजांत चौदा वर्षांच्या मुलीनं रोजची संध्याकाळ काढायची म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

शिकवणीबद्दल बाबांचं मत पक्कं होतं. त्यांच्या लहानपणी, त्यांच्या गावात, शिकवणी ढ मुलाला लावत आणि तीही शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू न देता, एखादा आजार लपवावा तशी. "पांगुळगाडा आहे तो," ते म्हणायचे. "ज्याला पाय आहेत त्याला कशाला?" त्यामुळे इथे आल्या आल्या त्यांनी ऑफिसात मोठ्या अभिमानानं सांगून टाकलं की आमच्या मुलीला शिकवणी नाही. त्यांचे बंगाली सहकारी गप्प झाले. बाबांना वाटलं, कौतुकानं गप्प झाले. प्रत्यक्षात त्या बिचाऱ्यांना वाटलं असणार की एवढा मोठा अधिकारी, एकुलती एक मुलगी, आणि तिच्यासाठी एक मास्तरसुद्धा बघत नाही, कसला बाप हा! एकाने तर आपल्या मेव्हण्याचं नाव सुचवलं. बाबा घरी येऊन दोन दिवस धुसफुसत होते.

आमच्या बाल्कनीतून खालचा रस्ता सरळ दिसायचा. संध्याकाळी आधी एका घरातून शंख वाजायचा, मग दुसऱ्या, मग पार टोकाच्या. शंख थांबले की मुलांचे आवाज सुरू व्हायचे. बंगाल्यांची मुलं अभ्यास करतात ती मोठमोठ्यांदा, झुलत झुलत. समोरच्या इमारतीतला कोणी इतिहास घोकतो आहे, खालचा कोणी संस्कृत, आणि ते सगळं मिळून आमच्या बंद दारावर येऊन आदळायचं. त्याच सुमाराला मिठू खालून जायची. मिठू माझ्याच वर्गातली, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारी, गोल चेहऱ्याची, सतत काहीतरी चघळणारी मुलगी. शाळेच्या बसमध्ये माझ्याशी बोलणारी तेवढी एकच. तिच्याबरोबर आणखी काही मुली असायच्या. पिशव्या खांद्याला, हातात मुढीचे, म्हणजे कुरमुऱ्यांचे, कागदी ठोंगे, आणि हसणं असं की तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यावं. ती वर बघून हात करायची. मी हात करायची. मग त्या कोपऱ्यावर वळायच्या आणि रस्ता पुन्हा रिकामा व्हायचा. मी आत येऊन बीजगणित काढायची आणि मला रडू यायचं. बीजगणित सुटत नाही म्हणून नव्हे हो, सुटायचं म्हणून!

कारण तोच तर घोळ होता. माझा पहिला नंबर यायचा. संध्याकाळभर दुसरं करण्यासारखं काही नसलेल्या मुलीचा नंबर येणार नाही तर कोणाचा येणार? आणि पहिला नंबर आला की बाबा खूश, आई साखरभात करणार, आणि शिकवणीचा विषय आणखी लांब. एकदा धीर करून मी म्हटलं, "बाबा, मिठू ज्या सरांकडे जाते ना गणिताला, तिथे मी गेले तर?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "काही अडतंय का?" खोटं बोलायची आमच्याकडे सोय नव्हती. म्हटलं, अडत नाही. "मग?" त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बाबांसमोर तोंडातून बाहेर पडेना. मैत्रीण हवी, हे कारण आमच्या घरात कारण म्हणून धरलंच गेलं नसतं. मी म्हटलं, काही नाही, सहज. आणि ते पुन्हा वर्तमानपत्रात गेले.

पुढे मी पुन्हा याच शहरात येऊन राहिले. हे लिहिताना आताच्या घरी खालच्या फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. दहावीला आहे. मला आजी म्हणतो, बंगालीत 'ठाकुमा'. त्याची शिकवणी आता कानात घातलेल्या बोंडांतून चालते, समोर पडदा, पडद्यावर कुठल्यातरी दुसऱ्याच शहरातला शिक्षक. परवा विचारलं, तुझ्याबरोबर किती मुलं असतात रे? म्हणाला, हजारो असतील. मग विचारलं, त्यातलं एक नाव सांग. तो हसला. मला काही हसू आलं नाही.

तर मिठूनं काय केलं, तिनं सरळ आपल्या सरांनाच आमच्या घरी पाठवलं. अनिमेषबाबू त्यांचं नाव, मुलं त्यांना मास्टरमोशाय म्हणत. उंच, किडकिडीत, धोतर-शर्ट आणि पायात झिजलेल्या चपला. रविवारी सकाळी दार वाजलं, बाबांनी उघडलं, आणि हे गृहस्थ हात जोडून उभे. बाबांचं हिंदी नागपुरी, त्यांचं हिंदी बंगाली. त्यांनी बसता बसताच मुद्द्याला हात घातला, "शाहेब, हमको आपका लडकी चाहिए." आई दाराआड होती, तिनं माझा दंडच धरला. बाबांचाही चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मग मास्टरमोशायांनी पुढचं सांगितलं आणि आईनं माझा दंड सोडला.

ते सांगत होते ते असं. त्यांच्याकडे मुलांना जोडीनं बसवत. गणित आधी सर स्वतः सांगत नसत. ज्याला सुटलं त्यानं जोडीदाराला समजावायचं, जोडीदार 'कळलं' म्हणाला की त्यानं तेच गणित उलट समजावायचं, आणि सर मधून फिरत फक्त ऐकायचे. मिठूची जोडीदारीण दूर बजबज गावी तिच्या आजोळी राहायला गेली होती. वडील तिकडे तेलाच्या डेपोत लागले म्हणून. मिठू एकटी उरली होती आणि तिचं गणित धडाधड खाली चाललं होतं. मिठू म्हणाली होती, वरच्या मजल्यावर कुंदा आहे.

बाबा ताठ बसले. मला त्यांचा आवाज ओळखता यायचा. आता ते फार सभ्यपणे नाही म्हणणार होते. "मास्टरजी, आमच्या मुलीला शिकवणीची गरज नाही. ती पहिली येते."

"माहीत आहे," मास्टरमोशाय म्हणाले. "गरज तिला नाही, मला आहे."

"मग तुम्हीच का नाही बसत त्या मुलीबरोबर?"

"मी बसलो की ती मान डोलवते. मास्तरासमोर 'कळलं नाही' म्हणायला कोणाची जीभ रेटते, शाहेब? मैत्रिणीला म्हणता येतं."

बाबांना वाटलं, विद्यार्थी गोळा करायची ही एक नवी तऱ्हा. पहिली येणारी मुलगी आपल्याकडे आहे असं मिरवता येईल म्हणून आलेत. त्यांनी आईला चहा आणायला सांगितलं. आमच्याकडे चहा आणायला सांगणं म्हणजे विषय संपला असं सांगणं. आई आत वळली. मास्टरमोशाय उगीच खिडकीकडे बघू लागले. आणि मला एकदम दिसलं की आता चहा येणार, तो ते पिणार, पायात चपला घालणार, आणि मी या टेबलाशी या पंख्याखाली शाळा संपेपर्यंत बसणार.

मी बाहेर गेले. परक्या माणसासमोर मोठ्यांच्या मध्ये बोलायची पद्धत नव्हती, पण गेले. म्हटलं, "बाबा, मला गणित येतं."

"तेच तर सांगतोय मी."

"मला गणित येतं बाबा, पण मला बोलायला कोणी नाहीये." आणि मग धरणच फुटलं. "शाळेत कोणी बोलत नाही. घरी कोणी बोलत नाही. तुम्ही बोलत नाही, आई स्वयंपाकघरात असते. मी दिवसभरात किती बोलते माहितीये? हजर म्हणते, तेवढंच. मला जायचंय तिथे."

मराठीतलं हे सगळं मास्टरमोशायांना कळलं नसणार. पण ते उठून उभे राहिले आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिले, आमच्याकडे पाठ करून. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे नुसते बघत होते. एखाद्या ओळखीच्या हिशेबात काहीतरी चुकतंय आणि ते कुठे, ते सापडत नाही, तसे. मग स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "मी नेत जाईन तिला. आणि आणत जाईन." तिच्या हातात अजून चहाची किटली होती. ती पुढे म्हणाली, "मला तरी इथे कोण आहे बोलायला?" हे ती बाबांना म्हणाली, पण बघत होती माझ्याकडे.

मी गेले म्हणजे लगेच सुखाचा ठेवा हाती लागला असं कोणी समजू नये. पहिले काही दिवस फार वाईट गेले. मास्टरमोशायांच्या घरातली तळमजल्यावरची लांबट खोली, जमिनीवर मादूर, म्हणजे गवताच्या चटया, भिंतीला टेकून पिशव्या, आणि सगळ्यांचा एकच कलकलाट. तिथे अभ्यास कसा करायचा हेच मला कळेना. मिठू समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, सांग. मी वहीकडे बघत भराभर गणित म्हणून दाखवलं. माझं बंगाली मोडकंतोडकं, मध्ये हिंदी, मध्ये इंग्रजी. ती म्हणाली, कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, नाही कळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "अगं, इतकं सोपं आहे!" मागून मास्टरमोशाय खाली वाकले. "असं म्हणायचं नाही. 'सोपं आहे' म्हटलं की समोरचा गप्प होतो. आणि वहीकडे काय बघतेस? वहीला येतं ते. तिच्या तोंडाकडे बघ." मी मिठूच्या तोंडाकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि ती तरीही मुढी चघळत होती. कुणाच्या तोंडाकडे इतका वेळ मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. मी मागे आले, अगदी पहिल्या पायरीला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती पायरी मलाही नीट माहीत नव्हती. पाठ होती एवढंच. मग आम्ही दोघींनी मिळून ती शोधली. त्या दिवशी घरी जाताना मिठूनं माझ्या हातात हात घातला. एवढंच झालं, पण मी जिन्यावरून उड्या मारत गेले.

पुढे आयुष्यभर वर्गात मी मुलांना जोडीनं बसवत आले आणि पालकांचे टोमणे खात आले, की बाई स्वतः शिकवत नाहीत, मुलांकडून शिकवून घेतात. घेते, बाबांनो. ज्याला दुसऱ्याच्या चेहऱ्यावर 'कळलं नाही' वाचता येतं, त्याला स्वतःचंही वाचता येतं. बाकी पहाटे उठा, रात्री जागा, रंगीत पेनांनी रेघा मारा, काय हवं ते करा.

आईचं तर नशीबच उघडलं. शिकवणी सुटेपर्यंत मुलींच्या आया मास्टरमोशायांच्या व्हरांड्यात बाकांवर बसायच्या. आजही या शहरात कुठल्याही शिकवणीबाहेर हा दरबार भरलेला दिसेल. आई पहिल्या दिवशी पदर घट्ट लपेटून टोकाला बसली. कोणीतरी विचारलं, तुम्ही कुंदार मा? म्हणजे कुंदाची आई. तिनं मान हलवली. झालं, ती कुंदार मा झाली. मास्टरमोशायांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकिमा म्हणायचो, मोठ्या पातेल्यात मुढी कालवायच्या, कच्चं मोहरीचं तेल, खोबऱ्याचे काप, काकडी, मिरची. आईला त्या तेलाच्या वासानं आधी मळमळायचं. महिन्याभरात ती घरी येऊन म्हणायला लागली, आज तेल कमीच पडलं बाई. तिनं भाजणीची थालीपीठं करून नेली, ती हातोहात संपली. परतताना ती सबंध रस्ता बोलायची. मिठूच्या आईची सासू कशी, काकिमांचा गुडघा कसा, कोपऱ्यावरच्या घरात भाडेकरू कोण आला. नागपूर सोडल्यापासून मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

आणि या सगळ्यात, आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही की बाबा संध्याकाळी घरी येतात तेव्हा घरात कोणी नसतं. पोहे झाकून ठेवलेले असायचे. एक दिवस वीज गेली होती, तेव्हा रोजच जायची. मास्टरमोशायांनी कंदील लावून चालू ठेवलं, पण तेल संपलं म्हणून लवकर सोडलं. आम्ही दोघी चाचपडत वर आलो, हसत होतो कशावर तरी. दार उघडंच होतं. आत मिट्ट काळोख. बाबा त्यांच्या खुर्चीत बसलेले, पोहे तसेच झाकलेले.

"अगं बाई! अहो, कंदील तरी लावायचा!"

"कुणासाठी लावायचा?" बाबा म्हणाले. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं.

आईनं कंदील लावला. जेवताना आमटी वाढली गेली, भात वाढला गेला, आणि बाबा ताटात बघत म्हणाले, "तुमचे ते मास्टरजी, मोठ्या माणसांना घेतात का हो?" आई हसली, मीही हसले. बाबांनी विनोद केला असं वाटलं, त्यांना तो कधी करता आला नव्हता. पण ते हसत नव्हते. "काहीही शिकवलं तरी चालेल मला," ते म्हणाले. "जोडीला कोणी असलं म्हणजे झालं."

आईचा हात भातावर तसाच थांबला. मी बाबांना हवं ते हवं म्हणताना पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते माझंच वाक्य होतं. जेवण उरकल्यावर मी भूमितीचं पुस्तक आणि कंदील घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर चटई टाकली. म्हटलं, "बाबा, खाली बसा. मी सांगते, तुम्ही ऐकायचं. नाही कळलं तर नाही कळलं म्हणायचं. मान डोलवायची नाही." ते खाली बसले. मी त्यांना कधी जमिनीवर मांडी घालून, माझ्यासमोर, माझ्याएवढ्या उंचीवर बसलेलं बघितलं नव्हतं. मी त्रिकोण काढला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत सांगायला लागले. पुढे जवळजवळ रोज सांगत राहिले, त्यांची पुढची बदली होईपर्यंत.

त्यांना ती भूमिती माझ्या जन्माच्या आधीपासून येत होती. ते हिशेबाचे अधिकारी होते, आकडे त्यांच्या रक्तात होते, आणि मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. माझं सांगून झालं की ते कंदिलाची वात थोडी वर करायचे, चष्मा पुसायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "नाही कळलं गं. पुन्हा सांग."